देवस्थळीकाका आणि मूळ मजकूर

पार्सिपनीत मी पहिलं अपार्टमेंट घेतलं, तेव्हा तिथल्या मराठी ओळखीतले देवस्थळीकाका हातात कात्री घेऊन आले. थेट बेडरूममध्ये गेले आणि माझ्या गादीचं लेबल त्यांनी कचकन कापून टाकलं.

गादी भारतात परत गेलेल्या एका मित्राची होती. हे लेबल काढल्यास कायद्याने शिक्षा होईल, असं त्यावर छापलेलं होतं. मी बार्शीच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. छापील अक्षराला घाबरायचं, एवढं माझं शिक्षण पक्कं झालं होतं.

"काका, पकडतील ना!"

"मूळ वाचलंयस? तो नियम दुकानदाराला आहे, गिऱ्हाइकाला नाही. चहा टाक."

काका औषधांच्या कंपनीत नोकरीला होते, वकिलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण शनिवार उजाडला की पोळीभाजीचा डबा घेऊन ते न्यूअर्कमधल्या एका कॉलेजच्या कायद्याच्या लायब्ररीत जात. फेडरल सरकार आपले कायदे, नियम आणि रोजचं राजपत्र तिथे पाठवतं, म्हणून ती कुणालाही खुली. तिथल्या बाई त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. काकांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. तसं करायला लावणारं कलम त्यांना सापडलं नव्हतं.

पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांच्या शेजारची खुर्ची हमखास रिकामी असे. कुणी काही ठासून सांगितलं की काका विचारत, "कुठे लिहिलंय?" एकदा कुणीतरी म्हणालं, स्टॉप साइनला तीन सेकंद थांबावंच लागतं. सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी भात कालवला आणि म्हणाले, "तो राज्याचा विषय. मी फक्त फेडरल बघतो."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात बाबांची बायपास ठरली. माझा ग्रीन कार्डाचा अर्ज नुकताच गेला होता. माझा मित्र संदीप म्हणाला, "यार, अर्ज पेंडिंग असताना देश सोडलास की अर्ज संपला. आधी परवानगी लागते, तिला महिने लागतात. तिकीट कॅन्सल कर." अर्ज भरणारा वकील सुटीवर होता. मी जाणं रद्द केलं आणि ते काकांना सांगायला गेलो.

"संदीपला कुणी सांगितलं?"

"त्याच्या रूममेटनं."

"आणि रूममेटला?"

ते मी विचारलं नव्हतं.

"गाडीत बस."

लायब्ररीत त्यांनी आधी कायदा काढला, मग नियमांचा जाडजूड खंड. नियम सापडला तरी समाधान नाही. "पुस्तक छापल्यावर बदलला असेल तर?" म्हणून बदलांची महिन्याची यादी, मग त्यानंतरची राजपत्रं, अगदी कालच्यापर्यंत. तीन तास गेले. शेवटी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्यासारख्या एच-वन व्हिसावाल्यांना ती परवानगी लागत नव्हती.

"व्हिसा चालू आहे? परत याच कंपनीत येणार? अर्जाची मूळ पावती जवळ आहे?"

"हो. हो. हो."

"मग जा."

झेरॉक्स निघत होती. मशीनकडे बघत काका म्हणाले, "माझी आई आजारी होती, तेव्हा माझाही अर्ज असाच पडून होता. एका पार्टीत कुणीतरी म्हणालं, परवानगी मिळतच नाही. मी मान डोलावली आणि जेवलो. आईची शेवटची भेट राहिलीच. परवानगी मिळत होती रे. फॉर्म होता तिचा." मग कागद सारखे करून त्यांनी माझ्या हातात दिले.

तीन आठवड्यांनी परत आलो, तेव्हा विमानतळावर काका उभे होते. अधिकाऱ्यानं काय विचारलं, हे ते खोदून विचारतील म्हणून मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी नुसती बॅग उचलली.

गाडी हायवेला लागल्यावर म्हणाले, "बाबांनी ओळखलं तुला? शुद्धीवर आल्यावर?"

"लगेच. म्हणाले, वाळलास."

घराकडे वळायचा आमचा एक्झिट मागे गेला. तो त्यांनी पाहिला होता, तरी गाडी बराच वेळ तशीच पुढे जात राहिली.