डायरेक्टरले रिटर्न भरा लागते का?

"कायदा आपल्याले कोनं शिकवाचा नाई!"

चामोर्शीच्या आठवडी बाजारात चहाचा कप टेकवत बापूजी भांडेकर हे वाक्य बोलले, तेव्हा ऐकायला कोंबड्या विकणारी एक बाई आणि तिच्या दोन कोंबड्या एवढीच मंडळी होती. पण श्रोते कमी आहेत म्हणून बोलणं थांबवावं, असा बापूजींचा स्वभाव नव्हता. ते एका कंपनीचे डायरेक्टर होते, आणि डायरेक्टरला सगळं माहीत असतं, असं त्यांचं मत होतं.

आता कंपनी म्हटल्यावर काचेची बिल्डिंग डोळ्यांपुढे आली असेल, तर ती आधी काढून टाका. 'झाडीधन शेतकरी उत्पादक कंपनी' म्हणजे पांढरीटोल्याच्या टोकाला पत्र्याचं एक गोदाम, त्यात एक वजनकाटा, आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी ठेवलेली मांजर. तीन वर्षांपूर्वी आजूबाजूच्या चार गावांतल्या धान पिकवणाऱ्यांनी मिळून ती काढली. सुनिल नावाचा बी.कॉम. झालेला मॅनेजर ठेवला. कायद्याने कमीत कमी पाच डायरेक्टर लागतात, तेवढे मोजून पाच घेतले.

त्या दिवसापासून बापूजींच्या आयुष्यात खुर्ची आली.

त्याआधी लग्नात, बारशात, तेरवीत कुठेही गेलं तरी खुर्ची मिळायची ती त्यांच्या धाकट्या भावाला. प्रवीण आलापल्लीला वनरक्षक. खाकी कपडे, कमरेला पट्टा. मांडवात तो दिसला की चार माणसं उठायची. बापूजी मात्र मागे जमिनीवर अंथरलेल्या दरीवर, भाताच्या पातेल्याशेजारी, म्हणजे गंजाशेजारी. थोरले असून! ही गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण पंचवीस वर्षं ती त्यांना सलत होती. डायरेक्टर झाल्यावर मात्र पहिल्याच लग्नात यजमान ओरडला, "अरे, डायरेक्टर साहेबाले खुर्ची देऽ!" बापूजी बसले. त्या रात्री ते जेवले कमी आणि घरी येऊन हसले जास्त.

तर, बाजारातून ते पवनच्या ऑनलाइन सेंटरमध्ये गेले. पवन त्यांच्या चुलतभावाचा मुलगा. दाखले काढणं, फॉर्म भरणं, रिचार्ज मारणं ही त्याची कामं. सल्ला तो फुकट द्यायचा, आणि दिलेल्या पैशाएवढाच तो कामाचा असायचा.

"उत्पन्नाचा दाखला पायजे," बापूजी म्हणाले. "अन् धंद्याच्या जागी 'डायरेक्टर' लिहिजो."

पवनचे हात कीबोर्डवरच थांबले.

"मोठेबाबा, तुम्ही रिटर्न भरलं का?"

"कायचं रिटर्न?"

"इन्कम टॅक्सचं! डायरेक्टरले भराच लागते ना! परवाच एका मास्तरचं भरून राह्यलो होतो. तिथी सरळ इचारते, तुम्ही कोन्या कंपनीत डायरेक्टर आहात का? होय म्हटलं का साधा फॉर्मच बंद! आता बिनकामाचं कोनी इचारन का?"

बापूजींना यातलं काहीच कळलं नाही, म्हणून त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"तीन वर्षं झाले तुमाले," पवन बोटं मोजू लागला. "तीन वर्षांचा दंड. अन् भराले गेले तर आनखी लफडं. एकदा रिटर्न भरलं का कॉम्प्युटरले वाटते, हा मानूस शेठ हाय. राशनकार्ड गेलं! शेतकऱ्याचे दोन-दोन हजार येते ना खात्यात? तेही गेले! आयुष्यमान कार्ड—"

"चूप बे!" बापूजी म्हणाले. दाखला न घेताच ते उठले.

घरी त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. गुणाबाई महिला बचत गटाच्या सचिव. बाई कमी बोलायची, पण बोलली की त्या दिवशी बापूजींना दुसरं काही काम उरत नसे. राशन आपल्यामुळे बंद झालं हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून त्यांनी फक्त दसरूला सांगितलं. दसरू शेजारचा. "कोनाले सांगजो नको," असं दोनदा बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलापल्लीहून प्रवीणचा फोन आला.

"दादा, तुमच्या घरी धाड येऊन राह्यली म्हनते?"

"कोन म्हनते?"

"इथी सारे म्हनते. पाह्य दादा, आपल्या आजाच्या टायमाचा तो सागवानी पलंग हाय ना, तो हटव आधी! माह्या भावाच्या घरी बिनपासचं सागवान सापडलं तर मले तोंड दाखवाले जागा राह्यनार नाई!"

"अरे, ते टॅक्सवाले हायेत! त्याईले सागवानाचं काय?"

"सरकारी मानूस खाली हाताने जात नाई दादा. मी सोता सरकारी हावो."

बापूजींनी आणि दसरूने मिळून तो पलंग मागच्या दाराने काढला आणि तनसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात घातला. गुणाबाई शेतातून आल्या, जागा रिकामी पाहिली.

"पलंग कुठी गेला?"

"ढेकूण झाले होते."

गुणाबाईंनी चटई अंथरली. तीन रात्री बापूजी जमिनीवर झोपले. म्हणजे आडवे झाले. झोप येत नव्हती. एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला राशन. खुर्ची ठेवावी तर घरातला तांदूळ-गहू जाणार आणि बायको विचारणार. खुर्ची सोडावी तर पुन्हा ती दरी, तो गंज आणि समोर पट्टा लावून बसलेला प्रवीण. चौथ्या दिवशी पहाटे ते उठून बसले आणि अंधाराकडे पाहून म्हणाले, "सोडतो मी!"

"काय सोडता?" चटईच्या पलीकडून आवाज आला.

"काई नाई. कूस सोडतो."

सोडायचं तर साध्यासुध्या कागदावर सोडायचं नाही. बापूजी चामोर्शीला गेले, पाचशेचा स्टॅम्प पेपर घेतला, नोटरीकडे बसून राजीनामा लिहून घेतला. सही केली, आणि अधिक पक्कं व्हावं म्हणून शेजारी अंगठाही उठवला. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही नशापाण्याशिवाय' हे वाक्य नोटरी घालत नव्हता. बापूजींनी भांडून घालून घेतलं.

सुनिल मॅनेजर तेव्हा ट्रेनिंगला नागपूरला गेलेला. त्यामुळे हे असं करता येतं का, कुणापुढे करायचं, हे विचारायला माणूस नव्हता, आणि बापूजींना विचारायचं नव्हतंच. त्यांनी गोदामात सभा बोलावली. गुणाबाई गटाच्या बैठकीला दुसऱ्या गावी गेल्या आहेत, हे बघूनच बोलावली. चाळीसेक माणसं जमली. धाड पाहायला मिळेल म्हणून त्यातली निम्मी आली असावीत, पण आली खरी.

"भाऊ हो," बापूजी वजनकाट्यावर उभे राहून म्हणाले, "मी खुर्ची सोडून राह्यलो. कंपनी नाई सोडून राह्यलो! हाडामासाचा असन तोवर कंपनीचा राहीन!"

काट्याने अठ्ठावन्न किलो दाखवले. दसरूने डोळे पुसले. कुणीतरी शाल आणली, नारळ आला. बापूजींच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि त्यांना खरोखरच भरून आलं. इतका मान तर नेमणुकीच्या दिवशीही मिळाला नव्हता.

"मंग आता याईच्या जागी कोन?" मागून एकाने विचारलं.

हा विचार बापूजींनी केलाच नव्हता. जागा मोकळी राहील, दुरून पाहता येईल, असं त्यांना वाटत होतं.

"दसरू घ्या ना! त्याचा आवाज मोठा हाय!"

"अन् रिटर्न?" बापूजी घाईने म्हणाले. "दसरू, तुले रिटर्न लागन बरं!"

"माह्या घरी पलंगच नाई," दसरू म्हणाला, "मले काय भेव?"

टाळ्या वाजल्या. त्याच हारातला अर्धा हार काढून दसरूला घातला, कारण दुसरा आणला नव्हता.

त्याच आठवड्यात गावात बारसं होतं. दसरू खुर्चीवर बसला. एका पायावर दुसरा पाय टाकून, बापूजी बसायचे अगदी तसा. बापूजी दरीवर. वाढणाऱ्याने भात वाढता वाढता विचारलं, "भाऊ, जरा सरकता का?" पूर्वी तो 'साहेब' म्हणायचा. राशन वाचलं होतं, पण ते अन्न काही गोड लागेना.

महिन्याअखेर कंपनीची वार्षिक सभा आली. चंद्रपूरहून सीए नीलिमा मॅडम आल्या, सुनिल परतलेला. हिशेब वाचून झाले. "कुणाला काही विचारायचंय?" मॅडम म्हणाल्या.

बापूजी उठले. टॅक्समधलं कळणारं माणूस समोरच आहे तर दंडाचं तेवढं विचारून घ्यावं, असं त्यांना वाटलं.

"मॅडम, जो डायरेक्टर होता पन आता नाई, त्याले मागच्या तीन सालचं रिटर्न भरा लागते का?"

"उत्पन्न किती?"

"चार एकर धान. अन् दोन गाई. त्यातली एक भाकड."

मॅडम हसल्या. "अहो, नुसतं डायरेक्टर आहे म्हणून रिटर्न भरावंच लागतं असा नियम नाही. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर भरायचं. आणि शेतीच्या उत्पन्नावर तर टॅक्सच नाही. डायरेक्टरला साधा फॉर्म चालत नाही, एवढंच. पण तो ज्याला भरायचाच आहे त्याच्यासाठी."

बापूजी दसरूकडे वळले.

"सोड!"

"काय सोड?"

"डायरेक्टरी सोड! माही हाय ते!"

"अर्धा हार घातला भाऊ मले! साऱ्यायच्या समोर!"

"मॅडम, माहा राजीनामा वापस घ्या!" बापूजी टेबलाकडे धावले. "स्टॅम्प पेपरवर हाय, अंगठ्यासहित हाय, पन मी वापस घेतो! राजीखुशीनं!"

मॅडमनी तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मग लॅपटॉपमध्ये पाहिलं. मग सुनिलकडे पाहिलं.

"सुनिल, बापूजी भांडेकर डायरेक्टर कधी होते?"

सुनिलने खाली पाहिलं. "नाई मॅडम. ते नवते."

"मी नवतो?" बापूजी म्हणाले. "मंग तीन वर्षं मीटिंगले कोन आलं?"

"तुम्हीच आले काकाजी. पन नोंदनीच्या वक्ताले तुमच्यापाशी पॅनकार्ड नवतं. काकूंपाशी गटाचं काम असल्यानं होतं. अन् एक बाई डायरेक्टर घ्याच असं ठरलंही होतं, तर काकूंचं नाव टाकलं. आपल्या इथी बाईच्या जागी मीटिंगले घरधनीच येते. म्या म्हटलं, तुमाले मालूम असन."

तीन वर्षांत आपण कंपनीच्या एकाही कागदावर सही केली नाही, हे बापूजींना आत्ता आठवलं. आजवर त्यांना तो मोठेपणाच वाटत होता. मोठ्या माणसाच्या मागे सह्यांची कटकट नसते, असं त्यांनी प्रवीणलाही एकदा ऐकवलं होतं.

"म्हंजे मी कोनाच्या जागी डायरेक्टर झालो?" दसरूने विचारलं.

बायकांच्या बाजूला गुणाबाई बसल्या होत्या. बापूजी हळूहळू तिकडे गेले.

"तुले मालूम होतं?"

"ओटीपी माह्या फोनवर येते. सह्या मीच करतो. मले नाई मालूम रायनार त कोनाले?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"पयल्या लग्नातून आले तवा तुम्ही रातभर हसून राह्यले होते," गुणाबाई म्हणाल्या. "म्हटलं, राहू द्या. आपलं काय जाते?"

समोर पूर्ण गाव होतं, म्हणून बापूजी खेकसले, "अन् उद्या डायरेक्टर म्हनून तुले रिटर्न भरा लागलं असतं, मंग? राशन गेलं असतं ना!"

"रिटर्न त मी दोन साल झाले भरतो," गुणाबाई म्हणाल्या.

"काय?"

"गटाच्या पोह्याच्या गिरनीले कर्ज पायजे होतं. बँकवाल्यानं रिटर्न मांगतलं. मॅडमच्याच हापिसातून भरते, शून्याचं. टॅक्स काई लागत नाई."

मॅडमनी मान डोलावली. "मीच भरते. ताईंचं कधी उशिरा नसतं."

"अन् राशन?"

"दर महिन्याले आनून राह्यले तुम्हीच! अन् खाऊनही राह्यले!"

यानंतर सभेचं कामकाज कसं संपलं, हे बापूजींना सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंग तनसीतून काढला. आता मात्र त्याला खरोखरच ढेकूण झाले होते.

आठेक दिवसांनी आलापल्लीहून प्रवीणचा फोन आला. त्याच्या मेहुण्यालाही तिकडच्या एका कंपनीत डायरेक्टर करायचं चाललं होतं. घरात सगळे घाबरले होते.

"दादा, तुले त कायद्यातलं सारं मालूम हाय. त्याले रिटर्न भरा लागन का रे?"

आयुष्यात पहिल्यांदाच प्रवीण आपल्या थोरल्या भावाला सल्ला विचारत होता. बापूजींनी घसा साफ केला. छाती पुढे काढली. तोंड उघडलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि फोनवर हात ठेवून बारीक आवाजात म्हणाले,

"थांब जरा. डायरेक्टर भाकरी करून राह्यली. इचारून सांगतो."