पहिल्या प्रकारचं कोपर

सासूबाईंचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायला हमाल कशाला हवेत? मी शिंपी आहे. समोरून येणाऱ्या माणसाची छाती, कंबर, बाही मी टेप न लावता सांगतो! जिन्याचंही माप नजरेनंच घेतलं आणि जाहीर केलं, "मी आणि साडूभाऊ, बस्स! चहा उकळेपर्यंत कपाट खाली!"

"अहो, हमाल बोलवा," बायको म्हणाली.

"का? आम्ही काय मेलोय?"

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. शाळेत भूगोल शिकवतात. स्वभाव इतका गरीब की त्यांना कुणी काही विचारतच नाही. मीही विचारलं नव्हतं. ते मुकाट बाह्या दुमडून आले.

मी खालच्या बाजूला, उलटा उतरत. ते वरच्या बाजूला. मध्ये कपाट, त्यामुळे एकमेकांचं तोंडही दिसेना. वळणावर मी ओरडलो, "डावीकडे घ्या!"

"कुणाच्या डावीकडे?" कपाटामागून आवाज आला.

"डावं ते डावं! त्यात कुणाचं काय?"

त्यांनी त्यांच्या डावीकडे घेतलं, मी माझ्या. कपाट भिंत आणि कठडा यांच्यात पाचरीसारखं घट्ट बसलं आणि आमचे हात सुटले. मी मागच्या मागे तळहात टेकवत पडलो. साडूभाऊ पायरीच्या कडेवर थेट कोपरावर आदळले. कपाटाला ओरखडासुद्धा नाही!

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही एक्स-रे उजेडावर लावले. बायको ताईंबरोबर बाहेर होती. आत आम्ही दोघं जखमी.

"तुम्ही तळहातावर पडलात ना?" त्यांनी मला विचारलं. "त्यानं हाताच्या एका हाडाचं डोकं दुखावतं. कोपराशी जे गोल फिरतं ना, ते. नुसती चीर आहे, तुकडा सरकलेला नाही. पहिला प्रकार."

"पहिला!" मी साडूभाऊंकडे पाहिलं. शाळेत कधी आला नाही, तो नंबर असा आला!

"यांचं कोपराचं टोकच तुटलंय, आणि दंडामागच्या स्नायूनं ते वर ओढलंय. ऑपरेशन करून पिना आणि तार घालावी लागेल."

"आणि मला?"

"तुम्हाला काही नाही. पहिला म्हणजे सगळ्यांत साधा. दुसऱ्यात तुकडा सरकतो, तिसऱ्यात चुरा होतो. तुम्ही थोडे दिवस हात झोळीत जपा, मग झोळी काढून हलवायला लागा. दुखलं तरी हलवायचा! कोपर बांधून ठेवलं की आखडतं."

मला काही नाही! एकाच जिन्यावरून, एकाच कपाटापायी पडून त्यांना पिना, तार, भूल, खाट. आणि मला गळ्यात फडकं! खरं सांगतो, माझा अपमान झाला.

बाहेर बायकोनं घाबरून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जपा म्हणाल्या," मी म्हणालो. वाक्याचा पुढचा भाग मी दवाखान्यातच ठेवून आलो.

मग काय विचारता! बायको शर्टाच्या गुंड्या लावायची, जेवण कालवून द्यायची, उशी सरकवायची. सासूबाई फोनवर रडायच्या, "माझ्या मेल्या कपाटापायी!" मी कण्हून म्हणायचो, "असू दे हो." दुकानातलं कापणीचं काम कारागिरावर सोपवलं. गिऱ्हाइकं झोळीकडे बघून हळहळायची. झोळी कोटाच्या अस्तराची होती, मीच कापायला सांगितली होती. तपासणीची तारीख आली तेव्हा म्हटलं, "आज फार ठणकतंय, नंतर जाऊ."

एकदा ताईंचा फोन आला. बायको दाराआड बोलत होती. "ताई, मला यायचंय गं. पण यांना साधं पाणीसुद्धा घेता येत नाही. तू दवाखाना आणि घर, दोन्ही कसं करतेस?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी पाणी मागितलं.

शेवटी ताईंनीच दोघांची तपासणी एका दिवशी ठरवली. या वेळी बायकाही आत आल्या. ताई इतक्या वाळल्या होत्या की त्यांचा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. नजरेला माप कळतं, त्याला इलाज नाही.

"हात सरळ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साडूभाऊंनी दात आवळले आणि हात सरळ केला. अगदी थोडा कमी! रोज रडत रडत व्यायाम केला होता म्हणे. डॉक्टरीणबाईंनी त्यांची पाठ थोपटली.

मग मी. झोळीतून हात काढला. तो किटलीच्या कानासारखा तसाच राहिला. मी जोर केला, घाम फुटला, खांदा उचलला, कंबर वाकवली. सगळा मी हललो, कोपर सोडून!

"ही झोळी अजून कशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लवकर काढून हलवा म्हणून!"

बायको आधी माझ्याकडे बघत होती, मग ताईंकडे.

"ताई, मी आले असते," ती एवढंच म्हणाली.

ताई म्हणाल्या, "असू दे गं." अगदी मी सासूबाईंना म्हणायचो तसं, पण त्यांचं खरं होतं.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं! घरी आल्यावर तिनं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि बॅग भरून ताईंकडे गेली. मी एका हातानं जेवलो, एका हातानं ताट घासलं.

फिजिओथेरपी सुरू झाली. तिथला दणकट माणूस माझा हात पिळायचा आणि मी चार घरं पलीकडे ऐकू जाईल असा ओरडायचो. एक दिवस शेजारी येऊन साडूभाऊ बसले. म्हणाले, "मीही असाच ओरडायचो. आकडे मोजा, बरं वाटतं." मग तेच मोजू लागले. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि मोजणं पुढे चालू ठेवलं.

बायको परत आली. बोलते, हसते. गुंड्या माझ्या मी लावतो.

हात बराच सुटला. पण पूर्ण सरळ होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलंय. लांब कापड कापताना टेबलाला प्रदक्षिणा घालावी लागते. बस थांबवायला हात केला, तर तो अर्ध्यातच थांबतो आणि ड्रायव्हरला वाटतं, मी टाटा करतोय. परवा एकानं मला उलट टाटा केला आणि बस दामटली!

बायको बरोबर असली की हात ती करते. माझ्याकडे बघत नाही. बस थांबते.

एकटा असलो की मी चालतच जातो.