भाच्याला न आवडणारा टॅब

तिसऱ्या शनिवारीही आपिसाईनं काही विकत घेतलं नाही, तेव्हा दुकानदार लुमबाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, ओरियन टॅबचा पडदा बघितलास, मार्लिनची बॅटरी बघितलीस, दोन्ही हातांत धरून वजनंही केलीस. बायको बघताना तरी एवढी चिकित्सा केली होतीस का?"

"तेव्हा कलिवाती जन्मला नव्हता," आपिसाई म्हणाला.

कलिवाती म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा. आमच्या लेवुका गावात भाच्यानं मामाच्या घरातून हवं ते उचलावं आणि मामानं तोंडभर हसून 'ने' म्हणावं, ही वाडवडिलांपासूनची रीत. रीत चांगलीच आहे हो. फक्त भाचा रग्बी खेळणारा, दांडगा आणि चांगल्या वस्तूंची पारख असलेला नसावा. आपिसाईचा रेडिओ गेला, सायकल गेली, नाताळसाठी पाळलेलं डुक्करही गेलं.

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. बायको ताराइविनी ऑकलंडला एका म्हातारीची देखभाल करायला गेली, त्याला दोन वर्षं होत आली. बटणांच्या फोनवर नुसता आवाज यायचा. हसताना ती नाक कसं मुरडते, ते त्याला नीट आठवेनासं झालं होतं. या गोष्टीची त्याला फार भीती वाटायची.

"मग ओरियन घे. तिच्या गालावरचा तीळसुद्धा दिसेल."

"म्हणजे कलिवातीला आवडेल."

"मार्लिन घे. दिवसभर चालतो."

"हो, त्याच्या घरी चालेल!"

शेवटी लुमबाईंनी खालच्या फळीवरचं धुळकट खोकं काढलं. टिंगा कंपनीचा, लहान मुलांचा टॅब. गुलाबी, विटेएवढा जाड, वर सशाचे दोन रबरी कान. सुरू व्हायला चहा उकळेल एवढा वेळ.

"हा कुणी फुकटसुद्धा मागितला नाही बघ."

"हाच द्या!"

संध्याकाळी कलिवाती आला. त्यानं टॅब कानांना धरून उचलला. "मामा, या वयात पाळणा हलणार आहे की काय?"

"आवडला तर ने हो," आपिसाई ऐटीत म्हणाला.

"छे! पोरं मला मैदानात उभं करणार नाहीत," असं म्हणून भाचा माशाचं पातेलं तेवढं घेऊन गेला. आपिसाईला जग जिंकल्यासारखं झालं.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्यानं फोन लावला. ताराचा चेहरा आला आणि अडकला. एक डोळा मिटलेला, तोंड अर्धं उघडं.

"तारा, हल की जरा!"

"हलतेय रे! आता नाचून दाखवू का?"

तो खिडकीत गेला, टेबलावर चढला. तारा हलेना. त्याला रडूच यायला लागलं. तेवढ्यात दारात कलिवाती. "मामीचा आवाज! मामी आहे यात? मग हा मी नेतो." आणि टॅब बगलेत मारून तो निघालासुद्धा. 'ने' म्हणायला आपिसाईची जीभ वळेना. तो अनवाणीच मागं धावला.

धक्क्याजवळ रेंज होती. तिथं पोचताच टॅबमधून आवाज आला, "कली, गाढवा, जेवतोस ना वेळेवर? आणि तुझ्यामागं तो कोण धावतोय?"

कलिवातीनं टॅब मागं वळवला. मामाला बघून तारा खदखदून हसली. नाक मुरडून! आपिसाई रस्त्यातच थबकला. हेच ते, हेच!

"घर दाखव ना रे मला," ती म्हणाली.

घरी न्यावं तर ती पुन्हा अडकणार. आपिसाईनं टॅब छातीशी धरला आणि ओरडला, "कली, पळ! घरातलं दिसेल ते उचलून इकडं आण!"

भाच्याला हे सांगावं लागतं होय? तो चटई घेऊन आला, किटली घेऊन आला, जास्वंदीची कुंडीही खांद्यावर घेऊन आला. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

"आणि माझी उशी?" तारानं विचारलं.

"ती नाही आणत, मामी," कलिवाती धापा टाकत म्हणाला. "दोनदा न्यायला गेलो होतो. तेवढी एकच वस्तू मामा देत नाही."

आपिसाईनं मान खाली घातली. वर बघितलं, तर पडद्यावर तारा स्तब्ध.

"तारा? पुन्हा अडकलीस का गं?"

"नाही रे," ती म्हणाली. "बघतेय तुला."