दार्मोनोचं घरगुती कोठार

दार्मोनोने नाश्ता संपायच्या आत एक कंपनी बुडवली. भाताचा शेवटचा घास तोंडात होता, हातात फोन होता आणि फोनवर बातमी होती की घरोघरी सिनेमे दाखवणाऱ्या आणि घरचे व्हिडिओही जपून ठेवणाऱ्या सिंगापुरातल्या बड्या कंपनीने पुन्हा दर वाढवले. "संपली ही," त्याने जाहीर केलं. "आधी फुकट चाखवायचं आणि सवय लागली की अटी घालायच्या. वर्षभरात टाळं लागतं की नाही बघ." बायको रेत्नो म्हणाली की मागच्या महिन्यात त्याने अशीच एक बुडवली होती, ती अजून चालू आहे. मग तिने त्याच्या डब्यात तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, भरलं.

दार्मोनो इंडोनेशियातल्या मलांगच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकून होता, पण त्याचा जीव अडकलेला असे तंत्रज्ञानाच्या बातम्यांत. कोणी कोणाला विकत घेतलं, कोण किती माणसं काढणार, या सगळ्यावर त्याचं मत तयार असे. ऐकायला घरात कोणी नसलं तर तो दारावरून जाणाऱ्या बाक्सोवाल्याला थांबवी आणि त्याच्याकडचं मांसगोळ्यांचं एक वाटी सूप संपेपर्यंत त्याला ऐकवी. पण नुसत्या मतांवर भागवणारा तो गडी नव्हता. कचेरीने मोडीत काढलेला एक संगणक त्याने घरी आणला, टीव्हीखालच्या कपाटात बसवला, घरातल्या साऱ्या तबकड्या, मालिका, गाणी, फोटो त्यात भरले आणि कंपनीची वर्गणी बंद केली. आता बटण दाबलं की हवं ते घरच्याच खोक्यातून टीव्हीवर येई. या खोक्याला तो कोठार म्हणायचा.

रेत्नोची अट एकच होती. तिचे वडील फार गोड गात. ओट्यावर बसून गाताना त्यांचा एक व्हिडिओ काढलेला होता, आणि ते गेल्यापासून रेत्नोची आई, म्हणजे दार्मोनोच्या सासूबाई सुपिनाहबाई, रोज दुपारी तो एकदा लावत. आता वडील गेल्याचा हजारावा दिवस, तिथल्या रीतीने मोठ्या श्राद्धाचा, जवळ आला होता. त्या संध्याकाळी प्रार्थना आणि जेवण झाल्यावर सगळ्या पाहुण्यांना ते गाणं ऐकवायचं ठरलं होतं. "त्या दिवशी गाणं लागलं नाही, तर खोकं घराबाहेर जाईल," रेत्नो म्हणाली, "आणि ते उचलायला तुम्हीही सोबत जाल."

"कोठारात आहे म्हणजे तिजोरीत आहे," असं दार्मोनोने सांगितलं. साक्षीला सासूबाई होत्याच. त्यांना विचारलं तर त्या गोड हसून म्हणाल्या, "छान लागतं हो जावईबापू. अगदी स्वच्छ." जावयाची छाती फुगली.

घोटाळ्याला सुरुवात झाली शेजारच्या यायुककाकूंपासून. त्या मोदकपात्राएवढं वाफेचं भांडं परत करायला आल्या, टीव्हीसमोर थबकल्या आणि हे आमच्याकडे दिसेल का म्हणाल्या. त्या गल्लीत तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. नाही म्हणायचं असेल तर माणूस हसतो, "बघू" म्हणतो, आणि समोरच्याने काय ते ओळखायचं असतं. दार्मोनो हसला आणि "बघू" म्हणाला. काकूंनी काही ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या रिमोट घेऊनच आल्या, आणि दार्मोनोने त्यांना कोठाराचा परवलीचा शब्द देऊन टाकला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

पुढच्या रविवारी गल्लीच्या बैठकीत गल्लीप्रमुख कार्सोनो उठले आणि म्हणाले की आपल्या दार्मोनोने साऱ्या गल्लीला सिनेमे दाखवायचं मनावर घेतलंय, त्याचे आभार मानूया. टाळ्या पडल्या. दार्मोनोला ही बातमी टाळ्यांबरोबरच कळली.

तिथून त्याची झोप उडाली. कचेरीच्या फोनवर लोक पाणी येत नाही म्हणून ओरडत आणि खिशातल्या फोनवर सिनेमा येत नाही म्हणून. जेवताजेवता तो मध्येच उठे आणि तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा खोक्यावर हात ठेवून येई. बातम्या वाचायलासुद्धा त्याला फुरसत उरली नाही. बाक्सोवाल्याने एकदा आपणहून विचारलं, "काय साहेब, यंदा कोण बुडतंय?" दार्मोनोने नुसता हात हलवला.

त्यात एका शुक्रवारी खोकं पार गुदमरलं. शोध घेतला तेव्हा कळलं की यायुककाकूंनी परवलीचा शब्द सुराबायाच्या जावयाला देऊन टाकलाय आणि त्याने त्याच्या भावांना. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. दार्मोनोने रात्रीच्या जेवणाआधी बसून गल्लीला निरोप धाडला: 'प्रिय सभासद, आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून यापुढे एका घरात एकच टीव्ही जोडता येईल.'

रेत्नोने निरोप दोनदा वाचला. "ही भाषा कुठेतरी वाचलीय मी."

"आपलं वेगळं आहे," दार्मोनो म्हणाला. "आपला नाइलाज आहे."

मग कार्सोनो आले. गल्लीच्या सूचना कोणी वाचत नाही, तर त्या सिनेमाच्या आधी दाखवता येतील का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दार्मोनो हसला, "बघू" म्हणाला, आणि तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं की आपलं हसू या गल्लीत चालत नाही. कार्सोनोंनी नवा बाटिक शर्ट घालून आपल्या भाषणाचा व्हिडिओ काढून घेतला. लोक ते न बघताच पुढे सरकवतात अशी त्यांची तक्रार आली, तेव्हा दार्मोनोने सरकवायची सोयही बंद करून टाकली. आता कोणताही व्हिडिओ लावा, आधी कार्सोनो.

दोन दिवसांनी अंगणात कपडे वाळत घालताना त्याला कुंपणापलीकडून यायुककाकूंचा आवाज आला. त्या बाक्सोवाल्याला सांगत होत्या, "ही मोठी माणसं अशीच बरं. आधी फुकट चाखवतात आणि सवय लागली की अटी घालतात."

"वर्षभरात टाळं लागतं बघा काकू," बाक्सोवाला म्हणाला. दार्मोनो ओली लुंगी हातात घेऊन तसाच उभा राहिला. वाक्य त्याचंच होतं.

हजाराव्या दिवशी घर भरून गेलं. चटयांवर दाटीवाटीने पुरुष बसले, आत बायका अपेम, तांदळाचे गोड घावन, वाढत होत्या, प्रार्थना झाली, भातकोंबडी झाली. दार्मोनोने सकाळपासून खोकं पुसलं होतं, पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं होतं. रेत्नोने मान हलवून खूण केली. सासूबाई नव्या साडीसारख्या कोऱ्या सारोंगात पुढे येऊन बसल्या. दार्मोनोने बटण दाबलं.

पडद्यावर कार्सोनो आले.

"रविवारी गटारसफाई आहे," ते पडद्यावरून बजावू लागले. खाली चटईवर बसलेले कार्सोनो आपलीच छबी कौतुकाने बघत होते. "मागच्या खेपेला जे आले नाहीत त्यांनी या खेपेला यावं. पहिलं नाव, दार्मोनो." मागच्या सफाईच्या दिवशी दार्मोनो खोकं दुरुस्त करत बसला होता. प्रार्थना सांगायला आलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी आशीर्वादाचे हात हळूच खाली घेतले. रेत्नो नवऱ्याकडे बघत होती, आणि ते बघणं दार्मोनोला लग्नाच्या इतक्या वर्षांत नवीन होतं.

भाषण संपलं आणि सासरे दिसले. ओट्यावर बसलेले. त्यांनी पहिला सूर लावला, आणि उघड्या तोंडानिशी ते तिथेच थिजले. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं.

दार्मोनोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गल्लीतली सगळी मोठी माणसं इथे होती, म्हणजे सगळी पोरं घरोघर टीव्हीसमोर बसवून आली होती. एका घरात एक टीव्ही, नियम अगदी चोख पाळलेला. तो सारोंग सावरत धावत सुटला. यायुककाकूंच्या घरात त्यांची सहा वर्षांची नात कार्टून बघत होती. "बाळ, थोडा वेळ बंद कर ना," तो धापा टाकत म्हणाला. नातीने त्याच्याकडे बघितलं, गोड हसली आणि म्हणाली, "बघू."

पुढची तीन घरं करून तो परत वळला तेव्हा त्याचा धीर पार सुटला होता. खोकं गेलं तर जाऊ दे, पण म्हातारी रोज दुपारी काय ऐकणार, या विचाराने त्याला रडू येत होतं. आणि तेवढ्यात घराच्या दिशेने गाणं ऐकू आलं. सासरे गात होते. एकदाही न अडखळता.

तो दारातच थांबला. आत कोणी हलत नव्हतं. रेत्नोने पदर तोंडाला लावावा तसं ओढणीचं टोक तोंडाला धरलं होतं, आणि गुरुजीही डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं तेव्हा दार्मोनोने कोठाराकडे अभिमानाने पाहिलं. कपाटातला दिवा विझलेला होता. रिमोट सासूबाईंच्या हातात होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात सिंगापुरातल्या त्या कंपनीचं चिन्ह दिसत होतं.

तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. "कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या खोक्यातून त्यांचा आवाज अडखळत यायचा हो. मी ती जुनी वर्गणीच पुन्हा चालू केली, तिथे त्यांचा व्हिडिओ अजून होता. यायुकने करून दिली."

यायुककाकूंना एकाएकी रिकाम्या ताटल्या गोळा करायची घाई झाली.

"पण तुम्ही तर म्हणालात, छान लागतं."

"म्हणाले, पण हसून म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ओळखाल असं वाटलं."

दार्मोनोला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हायसं वाटलं. त्याने सासूबाईंना गाणं पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाश्त्याला बसला आणि सवयीने फोन उघडला. बातमी होती की कंपनीने दर आणखी वाढवले, आणि परवलीचा शब्द नातेवाइकांना वाटणाऱ्यांना ती आता चाप लावणार. त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली. रेत्नो हातातला डबा तसाच धरून निकालाची वाट बघत राहिली. इतक्यात फोन थरथरला. सुराबायाच्या जावयाचा निरोप होता: कालपासून काहीच दिसत नाही, तुमच्याकडे लक्ष द्यायला कोणी आहे की नाही?

दार्मोनोने फोन उलटा ठेवला आणि भाताची ताटली पुढे ओढली.

"बिचारे," तो म्हणाला. "कसं सांभाळत असतील सगळं."