पडताळणीतला फोन

विकत घेतलेली वस्तू विकत घेणाऱ्याची असते, असा एक भाबडा समज समाजात अजून टिकून आहे. चप्पल, छत्री आणि कांदे यांच्या बाबतीत तो चालूनही जातो. मोबाइल फोनची गोष्ट वेगळी. कंपनी तो आपल्याला विकते, म्हणजे सांभाळायला आपल्याकडे देते. चार्जिंग आपण करायचे, काच फुटली तर आपण बदलायची, हरवला तर आपण रडायचे. त्यात कार्ड कोणाचे घालायचे, एवढा एकच किरकोळ निर्णय तिने स्वतःकडे ठेवलेला असतो.

त्रुटीसाहेबांना हे तत्त्वतः मान्य होते. नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षे त्यांनी टेबलावर आलेल्या प्रत्येक अर्जात काही ना काही त्रुटी काढली, म्हणून लोकांनी हे नाव ठेवले होते. निरोपसमारंभात एकाने भाषणाच्या भरात ते तोंडावर उच्चारले, तेव्हा सगळे चपापले. साहेबांनी मात्र ते मान तुकवून स्वीकारले.

अडचण एवढीच झाली की त्यांच्या घरामागच्या इमारतीवरचा कंपनीचा टॉवर एका सोमवारी उतरवला गेला. तेव्हापासून घरात रेंज फक्त न्हाणीघरात, तीही पालथ्या बादलीवर उभे राहिल्यास मिळू लागली. (बादली प्लास्टिकची असल्यास तीही नाही.) दुसऱ्या कंपनीची रेंज मात्र घरभर पसरलेली. खालच्या मजल्यावरच्या काकू सोफ्यावर लोळून तासन्‌तास बोलत. साहेबांनी त्या कंपनीचे कार्ड आणून घातले, तर फोनने कळवले, ‘हे कार्ड या फोनमध्ये चालणार नाही.’ दुकानदाराने हा फोन इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्वस्तात का दिला, त्याचा उलगडा त्यांना तेव्हा झाला.

एरवी त्यांनी उरलेले आयुष्य बादलीवर काढले असते. पण मुलीचे दिवस भरत आले होते. ती एका दिवसाच्या प्रवासाइतकी लांब राहत होती, बायको महिनाभर आधीच तिच्याकडे गेलेली होती, आणि मुलीने बजावून ठेवले होते, “बाबा, मला आत नेतील ना, त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. दोनच मिनिटं. आई नुसती रडत बसते. फोन लागला पाहिजे हं!”

“लागणार म्हणजे लागणार,” साहेब बादलीवरून म्हणाले होते.

डॉक्टरांनी दिलेली तारीख पंधरा दिवसांवर होती. पंधरा दिवसांत कोणताही अर्ज निकाली निघतो, यावर त्यांची श्रद्धा होती. एकतीस वर्षे त्यांनी स्वतः याच्या उलट करून दाखवले होते, तरी होती.

कंपनीचे कार्यालय थंडगार आणि चकचकीत होते. भिंतीवर फलक होता, ‘शंभरातले ब्याण्णव ग्राहक समाधानी.’ (पाहणी फोनवरून झाली. उरलेले आठजण रेंजमध्ये नव्हते.) तीन नंबरच्या खिडकीवरच्या मुलीने अनलॉकच्या, म्हणजे फोन इतर कंपन्यांच्या कार्डांना मोकळा करण्याच्या, अटींचे पत्रक दिले. साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचले आणि त्यांना अक्षरशः भरून आले. फोन सलग सहा महिने कंपनीच्या रेंजमध्ये वापरल्याचा पुरावा जोडावा. रेंज नाही म्हणून अर्ज करणाऱ्यांनीही जोडावा. अनलॉकचा संकेतांक त्याच फोनवर, त्याच कार्डावर, कंपनीच्याच नेटवर्कवरून येईल. त्यासाठी फोन तीन दिवस पडताळणीकरिता कार्यालयात जमा राहील, आणि तो चालू स्थितीत राहील. नियम नऊ : पडताळणीतील फोन ग्राहकाने हाताळू नये, अन्यथा अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

ही खरी लेखणी, साहेबांना वाटले. आपण उगाच निवृत्त झालो.

त्यांनी अर्ज भरला. खिडकीवरच्या मुलीने शिक्का उचलला, तेवढ्यात साहेबांचेच लक्ष गेले.

“थांबा. सही चौकटीच्या रेघेला लागलीय.”

“चालतं हो काका एवढं.”

“चालतं कसं? मी तर एकतीस वर्षांत एकदाही चालू दिलं नाही.”

नवा कोरा अर्ज शिल्लक नव्हता. तो मुख्य कार्यालयातून यायला आठ दिवस लागले. या आठ दिवसांत साहेब रोज सकाळी येऊन चौकशी करत आणि विलंबाचे कारण नियमात बसते हे कळल्यावर समाधानाने परत जात. नवव्या दिवशी सही चौकटीच्या बरोबर मध्ये पडली. फोन पाकिटात गेला, पाकीट सीलबंद होऊन खिडकीमागच्या ड्रॉवरमध्ये गेले.

दहाव्या दिवशी सकाळी साहेब समोरच्या बाकावर बसले होते. (बसायलाच हवे असे पत्रकात नव्हते. पण जमा कागदावर नजर ठेवलेली बरी, असा त्यांचा अनुभव.) साडेअकराच्या सुमारास ड्रॉवर वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

“काका, तुमचाच वाजतोय,” खिडकीवरची मुलगी म्हणाली. “देऊ का? मी कुणाला सांगणार नाही.”

साहेबांचा हात क्षणभर पुढे झाला. पण तारीख अजून पाच दिवस लांब होती, आणि नियम नऊ अगदी जवळ होता.

“नको. उद्या अनलॉक होतोय. आता कशाला खोट ठेवायची?”

तिसऱ्यांदा तो बराच वेळ वाजला. रांगेतली माणसे त्यांच्याकडे पाहू लागली, तेव्हा साहेबांनी त्यांना पत्रकातली नववी ओळ दाखवली.

दुपारी ते घरी परतले, तेव्हा काकू जिन्यातच उभ्या होत्या. “अहो, होतात कुठे? आजोबा झालात! नात आहे! कळा लवकर सुरू झाल्या म्हणे. सगळे तुम्हाला शोधतायत.” त्यांनी आपला फोन साहेबांच्या कानालाच लावला.

“बाबा,” मुलीचा आवाज अगदी दमलेला होता. “तीनदा लावला. त्या नर्सबाई थांबल्या होत्या माझ्यासाठी. रिंग जात होती. तुम्ही का नाही घेतलात?”

“फोन... पडताळणीत होता,” साहेब म्हणाले.

मग मुलगी म्हणाली, “बरं.” एकतीस वर्षे टेबलासमोरून परत गेलेल्या कुणीही त्यांना इतक्या हळू आवाजात ‘बरं’ म्हटले नव्हते. साहेबांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि काकूंच्या देखत रडले.

दुसऱ्या दिवशी फोन अनलॉक होऊन मिळाला. आता त्यात कोणत्याही कंपनीचे कार्ड चालते.

या ठिकाणी वाचक त्रुटीसाहेबांना मूर्ख ठरवतील, आणि तसे ठरवायला कोणतीही हरकत नाही. वाचकांचे फोन मोकळे आहेत, रेंज भरपूर आहे, ते कुठल्या ड्रॉवरमध्येही नाहीत. तेव्हा परवा घरून फोन आला असताना स्क्रीनवरचे नाव वाचून, तो पालथा ठेवून, वाजून वाजून थांबू दिला, तो कोणत्या नियमान्वये, तेवढा नियम क्रमांक कृपया कळवावा.