ब्रेकसरांचा ओव्हरक्लॉक

"संध्याकाळपर्यंत फिल्म पोचली नाही, तर आर्किटेक्टबाई पुढची कामं दुसऱ्या कुणाला देतील," बायको म्हणाली. "आणि हा संगणक बघ, नुसता रांगतोय."

"मग पळवू की त्याला," ब्रेकसर म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून ऐकून बायको चपापलीच. ब्रेकसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाखाली जादा ब्रेक घेऊन बसण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. रस्त्यावर कुणी तिसरा गिअर टाकला तरी त्यांना घाम फुटे. पण माणसाला कुठेतरी वेग हवाच असतो. ब्रेकसरांनी तो संगणकात शोधला होता. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, कंपनीने आखून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, याला ओव्हरक्लॉक म्हणतात, हे त्यांनी व्हिडिओ बघून पाठ केलं होतं.

"कंपन्या भित्र्या असतात," ते म्हणाले. "अंगात दम असतो, पण वापरू देत नाहीत."

"हे कुणाबद्दल बोलतोयस नक्की?"

ब्रेकसरांनी वेग वाढवला, त्याला पेलेल इतकं व्होल्टेज वाढवलं. आता मेंदू तापणार, म्हणून संगणकाच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं. जमीन गार असते, म्हणून डबा टेबलावरून खाली ठेवला, दोघांच्या खुर्च्यांच्या मधोमध, तोंड आपल्याकडे करून. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या शेजारी लावला. फॅन आईचा होता. त्यामुळे फॅनच्या मागोमाग मटारची टोपली घेऊन आईही आली आणि जमिनीवर बैठक मारून सोलू लागली.

काम सुरू झालं. बायको आर्किटेक्टबाईंसाठी अजून न बांधलेल्या एका बंगल्याची फिल्म संगणकावर बनवत होती. गच्चीवरून निघायचं, जिना उतरायचा, हॉलमधून फाटकापर्यंत यायचं. तयार होणारी चित्रं पडद्यावर सरकत होती, आणि आज ती खरंच धावत होती.

"बघ," ब्रेकसर हरखून म्हणाले, "जिन्याच्या वळणावर आलासुद्धा. या हिशोबाने चहाच्या आधी आपण—"

 

पुन्हा सुरू.

पडदा काळा झाला, संगणक आपण होऊन पहिल्यापासून चालू झाला, आणि फिल्म परत गच्चीवर जाऊन बसली.

"वेग जरा जास्तच झाला," ब्रेकसर म्हणाले. "एक पायरी खाली आणतो. मग बघ कसा स्थिर चालतो."

खिडक्या उघडल्या. विजेवर ताण नको म्हणून आईला मिक्सर लावायची बंदी झाली.

"मटार सोलायची परवानगी आहे ना?" आईने विचारलं.

"आई, तुम्ही आहात तिथेच बसा," सून म्हणाली. "आता सगळं नीट होईल. हा बघा, जिना आला, वळण आलं, आणि—"

 

पुन्हा सुरू.

"त्या जिन्यातच काहीतरी जड आहे," ब्रेकसर म्हणाले. "दर वेळी तिथेच दम तोडतोय."

बायकोने जिन्यातल्या कुंड्या काढल्या. वेग आणखी खाली आला. गच्ची, जिना, वळण, काळोख. तिने जिन्याच्या खिडकीचा पडदा काढला, भिंतीवरची चित्रं काढली, झुंबर काढलं. वेग आणखी उतरला. गच्ची, जिना, वळण, काळोख. जिना आता इतका ओकाबोका झाला की पोलीस पंचनामा करून गेल्यासारखा दिसत होता.

"आता कठडा काढ," ब्रेकसर म्हणाले.

"कठडा काढला तर माणसं पडतील त्यात."

"फिल्ममध्ये कोण पडतंय? माझं ऐक, वळणावर तो—"

 

पुन्हा सुरू.

"तुझं खाली काय चाललंय रे?" आईने विचारलं.

"कुठे खाली?"

"तो जिना आला की तुझा पायाचा अंगठा त्या बटणात घुसतो."

दोघांनी टेबलाखाली पाहिलं. डब्याच्या तोंडावर, अगदी बुडाशी, वाटाण्याएवढं रीसेटचं, म्हणजे संगणक पहिल्यापासून चालू करायचं, बटण होतं आणि त्यावर ब्रेकसरांचा अंगठा अजून घट्ट दाबलेला होता.

"आई, मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तूच चालवतोयस."

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती हसतेय की रडतेय, हे ब्रेकसरांना लवकर कळेना. बाहेर उन्हं कलली होती. ते घाईघाईने वेग वाढवायला पुढे सरसावले.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली. "आहे तसाच चालू दे. मांडी घाल."

ब्रेकसरांनी मुकाट्याने खुर्चीवर मांडी घातली. पायऱ्या उतरता उतरता वेग कंपनीने आखलेल्याच्याही खाली गेला होता. तशाच रांगत्या संगणकाने जिना उतरला, हॉल ओलांडला आणि फाटक गाठलं. फिल्म रवाना झाली तेव्हा दिवे लागले होते. पाठोपाठ आर्किटेक्टबाईंचा फोन आला.

"पोचली ना?" बायकोने विचारलं.

"पोचली. आणि तो जिना किती मोकळा ठेवलाय तुम्ही. हल्ली सगळे नुसतं सामान भरतात. पुढचे दोन बंगलेही तुम्हीच करा."

फोन ठेवून तिने ब्रेकसरांच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो प्रेमाचा होता, पण जोरात होता.

"आता तुझा वेग वाढव," ती म्हणाली. "होऊन जाऊ दे."

ब्रेकसरांनी दुपारचा पहिला वेग परत लावला, फिल्म पुन्हा गच्चीपासून बनवायला टाकली आणि लगेच मांडी घातली. तिघंही बघायला बसले. गच्ची सुसाट गेली. जिना आला. रिकामी भिंत धाडकन अंगावर आली आणि पडदा काळा झाला.

ब्रेकसरांनी आधी आपली मांडी तपासली. दोन्ही पाय जागच्या जागी होते. मग आईने खाली बघितलं. बायको हळूच आपला पाय खुर्चीखाली ओढून घेत होती.

"इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसतेय," ती म्हणाली.

"म्हणजे दुपारपासून..."

"फिल्म पोचली ना?"

ब्रेकसर खुर्चीवरून उतरून खाली वाकले आणि तिचा पाय हलकेच पुन्हा डब्यासमोर ठेवला.

"टाच टेकलेली ठेवायची," ते म्हणाले. "दाबायचं फक्त चवड्याने. बाकी वेळेवर पडतो हं तुझा पाय."