एकोणतीस नंबरच्या मॅडम

आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयात पदवी घ्यायची असं मी ठरवलं, तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि जगाबद्दल मला जवळजवळ सगळं माहीत होतं. ही फुशारकी नाही. चोवीस वर्षं मी एका मालवाहतूक कंपनीत बसून जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं टाइप केली आहेत. मोम्बासा, बुसान, रॉटरडॅम, व्हॅल्परायझो. झोपेतून उठवून विचारा, स्पेलिंग चुकणार नाही. आता ही गावं नेमकी कुठे आहेत, तिथे कोण राहतं, त्यांचं शेजाऱ्यांशी पटतं का, एवढं किरकोळ तेवढं राहिलं होतं. कंपनी बंद झाली आणि मी ते पुरं करायचं ठरवलं.

आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर दीर आणि जाऊबाई. बातमी जिन्यावरून वर जायला चार मिनिटं लागली.

"वहिनी, या वयात लोक गुडघ्यांचे व्यायाम शिकतात," दीर म्हणाले.

"ताई, पदवी हातात येईल तेव्हा तुम्ही एक्कावन्नच्या असाल," जाऊबाई म्हणाल्या.

"मग? एक्कावन्नाव्या वर्षी हातातून कागद निसटतात का?"

आमच्या यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि उभ्या जन्मात यांनी कुणाशी वाद घातलेला नाही. दुसऱ्या दिवशी यांनी मला वाचायचा नवा चष्मा आणून दिला, गळ्यात अडकवायच्या साखळीसकट. यांचा कौल मला कळला.

पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं आधी पोचले. ऑफिसची सवय. कपडे कडक इस्त्रीचे, हातात फाइल, गळ्यात साखळीचा चष्मा. खोली क्रमांक चौदा शोधण्यात ती वीस मिनिटं गेली. घंटेच्या ठोक्याला दारात पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग खडाखड उभा राहिला. आजकालची मुलं वडीलधाऱ्यांना मान देत नाहीत असं कोण म्हणतं, असं वाटून मला भरून आलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पंखा लावू का?"

"लाव बाळ," मी म्हटलं, आणि बसायला जागा शोधू लागले. सगळे बाक भरलेले. रिकामी खुर्ची एकच होती, तीही फळ्याशेजारी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सांगणारच होते, देवाशपथ सांगणारच होते. एवढ्यात मागच्या बाकावरून कुजबूज आली, "या वयाच्या बाई म्हणजे नुसतं पुस्तक वाचून दाखवणार. झोपायला हरकत नाही."

या वयाच्या! दोन महिने घरात हेच ऐकून मी कॉलेजात आले होते, आणि इथेही तेच. माझं डोकं फिरलं. मी फाइल टेबलावर ठेवली, चष्मा नाकावर चढवला आणि म्हटलं, "वह्या बंद करा. पुस्तकंही."

फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'पहिला तास – सार्वभौमत्व'. हा धडा मी सुट्टीत चार वेळा वाचला होता आणि चारही वेळा तिसऱ्या पानावर अडकले होते. तेव्हा पुस्तकातलं सांगायची सोयच नव्हती. मी घरातलं सांगायला सुरुवात केली.

"आमच्या घराचे दोन मजले आहेत. खालचं स्वयंपाकघर माझं, वरचं माझ्या जाऊबाईंचं. माझ्या स्वयंपाकघरात काय शिजेल, किती वाजता शिजेल आणि किती तिखट होईल, ते मी ठरवते. याला सार्वभौमत्व म्हणतात. आता जाऊबाई खाली आल्या, मला न विचारता माझा फ्रिज उघडला आणि लिंबू घेऊन गेल्या. हे आक्रमण की पाहुणचार?"

सगळे एकदम बोलायला लागले.

"एकच लिंबू असेल तर पाहुणचार," एक मुलगा म्हणाला.

"आज लिंबू, उद्या फ्रिज," पंख्याचं विचारणारी मुलगी म्हणाली. तिने वही केव्हाच उघडली होती आणि भराभर लिहीत होती.

"मॅडम, तुम्ही फ्रिजला कुलूप लावलं तर?"

"तर ते निर्बंध. पण मग माझ्याच माणसांना पाणी प्यायला माझ्याकडे किल्ली मागावी लागते. निर्बंध लावणाऱ्यालाही ते भोवतात."

"आणि जिना कुणाचा?" ज्याला झोपायचं होतं त्यानेच विचारलं.

"जिना दोघांचा आहे, म्हणून तो कुणीच झाडत नाही. समुद्राचंही तेच."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

"सासूबाईंकडे. त्या दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतात, तीव्र चिंता व्यक्त करतात आणि झोपतात."

असा तास रंगला असताना दारात एक काटकुळा तरुण येऊन उभा राहिला. खांद्याला बॅग, घामाने निथळलेला. मी घड्याळाकडे पाहिलं. पंचवीस मिनिटं उशीर.

"मागे बसा," मी म्हटलं, "आणि उद्यापासून वेळेवर या."

तो बिचारा काहीतरी बोलायला गेला, वर्गाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं आणि शेवटच्या बाकावरच्यांना सरकवून बसला. थोड्या वेळाने तोही लिहून घेऊ लागला.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तसा तो पुढे आला. "मॅडम, तास फार छान झाला. पण हा पेपर मलाच शिकवायला दिलाय असं मला वाटलं होतं. आज माझा नोकरीचा पहिला दिवस आहे. माझी बस बंद पडली. तुम्हाला माझ्या जागी पाठवलं का?"

"सर, मी विद्यार्थिनी आहे. हजेरीत एकोणतीस नंबर."

सर खाली बसले. म्हणाले, "पहिल्याच दिवशी पंचवीस मिनिटं उशिरा आलो, हे विभागप्रमुखांना कळलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि मी काय केलं हे कळलं तर माझा प्रवेश जाईल."

आम्ही दोघांनी गप्प राहायचं ठरवलं. अभ्यासक्रमातला गुप्त करार आम्ही असा पहिल्याच दिवशी उरकला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन शेवटच्या बाकावर बसले. आता सगळ्यांना आपोआप कळेल, असा माझा अंदाज. मुलांचा अंदाज निघाला की मोठ्या मॅडम नव्या सरांची तपासणी करायला बसल्या आहेत. सर एक वाक्य बोलले की चाळीस माना मागे वळायच्या, बरोबर आहे का बघायला. मला अवघडल्यासारखं व्हायचं म्हणून मी मान हलवायचे. मान हलली की मुलं लिहून घ्यायची. आठवड्याभरात सरही वाक्य संपलं की माझ्याकडे बघायला लागले.

मी स्पष्ट सांगून पाहिलं नाही असं नाही. मधल्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून म्हटलं, "हे बघा, मीसुद्धा तुमच्यासारखीच विद्यार्थिनी आहे."

पंखेवाल्या मुलीचे डोळे पाणावले. या मुलीच्या टिपणांवर सगळा वर्ग जगत होता, म्हणून एव्हाना तिचं नाव झेरॉक्स पडलं होतं. ती म्हणाली, "एवढं शिकूनही तुम्ही असं म्हणता मॅडम. खरं आहे, माणूस आयुष्यभर विद्यार्थीच असतो."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हजेरीला मी 'हजर' म्हटलं, पुढे त्यांच्याबरोबर परीक्षेला बसले, तोही त्यांना माझा साधेपणाच वाटला.

दीड महिन्याने चाचणी परीक्षा झाली. सरांनी हौसेने पहिलाच प्रश्न घातला, 'सार्वभौमत्व म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा.' पेपर तपासून विभागप्रमुखांकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स धापा टाकत माझ्याकडे आली. "मॅडम, सरांना आत बोलावलंय. दार बंद आहे तरी आवाज बाहेर येतोय. सर्वांचे पेपर रद्द करणार म्हणतात, आणि सरांना काढून टाकणार."

"का?"

"आम्ही सगळ्यांनी जाऊबाई लिहिल्या."

एक मन म्हणालं, गप्प बस, तुझं नाव कुठेच नाही. पण तो काटकुळा जीव आत एकटा उभा होता, आणि ज्या गुन्ह्यासाठी उभा होता तो माझा होता. मी दार ढकललं.

विभागप्रमुख बाई पेपर हातात धरून मोठ्याने वाचत होत्या. "'एखाद्या राष्ट्राच्या जाऊबाईंनी पूर्वपरवानगीशिवाय लिंबू नेल्यास तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होय.' अडतीस पेपर, सर! अडतीस पेपरांत लिंबू आहे. एकाने नकाशा काढलाय, त्यात फ्रिज उत्तरेला आहे. कोणत्या ग्रंथातला आहे हा सिद्धांत?" मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आपण कोण?"

"एकोणतीस नंबर," मी म्हटलं. "ती जाऊ माझी आहे."

मग मी सगळं सांगितलं. दारातून आत आल्यापासून लिंबापर्यंत. सर मध्येच म्हणाले, "चूक माझी आहे, मी उशिरा आलो." मी म्हटलं, "सर, मध्ये बोलू नका," आणि ते गप्प बसले, ही आणखी एक पंचाईत.

बाई थंड आवाजात म्हणाल्या, "शिक्षक असल्याची बतावणी केल्याबद्दल मी तुमचा प्रवेश रद्द करू शकते."

"करा," मी म्हटलं. तोंड सुटलं ते सुटलंच. "पण मी शिक्षक आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही. वय बघून वर्गाने ठरवलं की ही शिकवायला आली असणार. वय बघून घरच्यांनी ठरवलं की हिला शिकता येणार नाही. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही. प्रवेश रद्द केलात तर मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्याच्या पुढच्या वर्षीही करीन. आणि या मुलांचे मार्क कापू नका. ती पाठ करून नाही, भांडून शिकलीत ते."

बाई पेपर चाळू लागल्या. मग पेपरातून वर न बघता त्यांनी विचारलं, "मग कुलूप लावलंत का फ्रिजला?"

"नाही."

"बरोबर. माझ्या नणंदेच्या वेळी मी लावलं होतं. फार महागात पडलं."

निकाल असा लागला: सरांना लेखी ताकीद. अडतीस मुलांचे मार्क कायम, कारण संकल्पना चोख कळलेली आहे, मात्र वार्षिक परीक्षेत नातेवाईक चालणार नाहीत. माझा प्रवेश कायम. मी ताठ मानेने वळले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एकेचाळीसच्या वर्गात दोघं गैरहजर होते. अडतीस पेपर हे. उरला तो तुमचा."

त्यांनी माझा पेपर पुढे सरकवला. जाऊबाईंचं असं जगजाहीर करणं बरं नव्हे म्हणून मी परीक्षेत पुस्तकातलं लिहिलं होतं, तिसऱ्या पानापर्यंत, शब्दन् शब्द. वर लाल शाईत दोन मार्क होते, दहापैकी. शेजारी सरांच्या भित्र्या अक्षरात शेरा: 'व्याख्या पाठ आहे. विषय समजलेला दिसत नाही. उदाहरण नाही.'

अख्ख्या वर्गात सार्वभौमत्वात नापास झालेली मी एकटी.

संध्याकाळी जाऊबाई जिन्यावर वाटच बघत होत्या. "काय लागला निकाल, ताई?"

"नापास. सोमवारी परत परीक्षा आहे."

"आणि परत नापास झालात तर?"

"तर त्याच्या पुढच्या सोमवारी," मी म्हटलं आणि झेरॉक्सला फोन लावला.

ती रविवारी घरी आली. पहिल्या तासाची तिची टिपणं म्हणजे मोत्यासारखं अक्षर, मुद्द्यांना आकडे, खाली रेघा. मी अगदी मन लावून वाचलं. फ्रिजचं समजलं, जिन्याचं समजलं. सासूबाईंचा मुद्दा मात्र तिथे का आलाय, ते मला काही केल्या कळेना. तिने दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना जरा वैतागून म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकवलं तेव्हा किती सोपं होतं."

मी चष्मा पुसला, मान खाली घातली आणि ती सांगेल ते लिहून घेतलं.